नेलेला कुत्रा, मागे आलेला कुत्रा

कुत्र्याला बरोबर घेऊन डोंगर तुडवायचा आणि रानात मुक्काम टाकायचा ही शहरातल्या हौशी लोकांनी काढलेली टूम आहे, असं ज्याला वाटतं त्याने दिवाळीनंतर एखाद्या घाटरस्त्याला जाऊन उभं राहावं. देशावरचे धनगर चाऱ्याच्या शोधात खाली उतरत असतात. पुढे मेंढरांचा लोंढा, मागे संसार लादलेली घोडी, बायका-पोरं, आणि कडेकडेने, कुणाच्याही हातात दोर नसलेली दोन-चार कुत्री. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, आज या शेतात तर उद्या त्या शेतात बसत राहतो. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात असतात, माणसं घोंगडीत आणि कुत्री बाहेर, अर्धे डोळे मिटून. शेकडो किलोमीटरची ही पायपीट दरवर्षी होते आणि ती कुणी मोजत नाही.

म्हणून ‘कुत्र्याला डोंगर झेपतो का’ या प्रश्नाचं सरसकट उत्तर देता येत नाही. धनगराच्या कुत्र्याला झेपतो, कारण तो पिल्लू असल्यापासून चालतोय. त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेत. तो मेंढरांच्या चालीने चालतो आणि दुपारी मेंढरं झाडाखाली रवंथ करत बसली की तोही आडवा होतो. आपल्याकडचा कुत्रा तिसऱ्या मजल्यावर गार फरशीवर, पंख्याखाली झोपलेला असतो. सकाळ-संध्याकाळ सोसायटीभोवती एक फेरी, एवढाच त्याचा व्यायाम. त्याला रविवारी पहाटे गाडीत घालून थेट एखाद्या गडाच्या पायथ्याशी उतरवायचं, म्हणजे आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एकदम कळसूबाईवर पाठवण्यातला प्रकार.

फरक एवढाच की तो माणूस अर्ध्या वाटेत दगडावर बसेल आणि ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणेल. कुत्रा तसं म्हणत नाही. मालक चालतोय तोवर तो चालतो. मालक थांबला की शेपटी हलवतो आणि मालक पुन्हा उठला की तोही उठतो. तळवे सोलवटलेले असोत, अंग तापलेलं असो, लंगडेपणा सुरू झालेला असो, मागे राहण्याची भीती त्याला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. कुत्र्याला डोंगरात नेण्याची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते. ‘आता पुरे’ हे त्याच्या वतीने आपल्याला म्हणावं लागतं, आणि वेळेवर म्हणावं लागतं.

सगळ्यात आधी उष्णता. सह्याद्रीत कुत्र्याला खरा धोका साप-बिबट्यापेक्षा उन्हाचा असतो. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच ते चार अंशांनी जास्त. घामाच्या ग्रंथी फक्त तळव्यांना, त्याही नावापुरत्या. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर त्याच्यापाशी धापण्यावाचून दुसरा उपाय नाही. तोंडातला आणि जिभेवरचा ओलावा वाफ होऊन उडतो आणि रक्त थंड होतं. आता हवाच दमट असेल तर हा ओलावा उडणार कुठे? कोकणातून घाट चढणाऱ्या वाटांवर, ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात ढग दाटून आल्यावर नेमकं हेच होतं. थर्मामीटर फार काही दाखवत नाही, माणूस ‘आज ऊन कमी आहे’ म्हणतो आणि कुत्र्याचं अंग तापत राहतं. तापमान 106 च्या आसपास गेलं की मूत्रपिंडं, यकृत, आतडी, मेंदू सगळ्यांना इजा सुरू होते, आणि हे काही मिनिटांत घडू शकतं.

खुणा आधी दिसतात, फक्त बघायला हव्यात. साधी धाप आणि घातक धाप यांतला फरक जिभेवरून कळतो. जीभ लांब, टोकाला रुंद आणि चपटी होऊन लोंबायला लागली, हिरड्या गडद लाल दिसायला लागल्या, लाळ दाट आणि तारेसारखी झाली, की चढ तिथेच संपला असं समजावं. पुढची पायरी झोकांड्यांची आणि उलटीची. अशा वेळी सावलीत आणायचं आणि जवळ असेल-नसेल ते पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतायचं आणि टोपीने, चटईने, हाताला येईल त्याने वारा घालायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, तो थोड्याच वेळात तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. पूर्वी ‘फार गार पाणी नको’ असं सांगत. आता पशुवैद्यकांचं सांगणं सरळ आहे: आधी थंड करा, मग दवाखान्याकडे पळा. शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडात मात्र पाणी ओतायचं नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ उन्हात कसा तापतो हे अनवाणी चालून बघितलेल्यालाच कळतं. तळहाताची मागची बाजू खडकावर टेकवावी आणि सात आकडे मोजावेत. सात होण्याआधी हात उचलावासा वाटला तर त्या खडकावर कुत्र्याला चालवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. त्यातही निघायचं झुंजुमुंजू असताना आणि दहाच्या आत सावली गाठायची.

जातीचा प्रश्न इथेच येतो. 2003 साली हच या तेव्हाच्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि घराघरांत पग दिसायला लागले. जाहिरातीतल्या त्या सोबत्याइतका चालण्याला नालायक कुत्रा दुसरा नसेल, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नाक आखूड करत आणलं आणि त्याबरोबर त्याचा श्वासही आखडला. पग, बुलडॉग, शिट्झू, काही प्रमाणात बॉक्सर, यांना गडावर नेऊ नये. ‘हळूहळू नेतो’ म्हणूनसुद्धा नेऊ नये. हस्कीला मुंबईत सांभाळणं हाच मुळात वेगळ्या चर्चेचा विषय आहे. लॅब्रॅडॉर उत्साही असतो, पण आपल्याकडचे बहुतेक लॅब लाडाने जाडावलेले असतात. मुधोळ किंवा कारवान जातीचा कुत्रा उन्हाला काटक, पायाला वाऱ्यासारखा, पण त्याचं सगळं चित्त डोळ्यांत. समोरून ससा निघाला की तुमची हाक त्याच्या कानांत शिरत नाही. शेवटी माझं मत विचाराल तर गावठी कुत्र्याला तोड नाही. आखूड केस, बेताचं वजन, लांब नाक, मजबूत तळवे आणि जिथे पाय ठेवू नये तिथे न ठेवण्याची अक्कल.

वयाचं बघावं. वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात, मोठ्या जातींची तर दीड वर्षापर्यंत. लांबच्या चढ-उतारांनी सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. मोठ्या कुत्र्यालाही तयारी हवीच. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. काही आठवडे तिथे वेळ आणि चढ वाढवत न्यावा. पाठीवर त्याची स्वतःची पिशवी द्यायची असेल तर आधी रिकामी बांधावी, मग थोडं थोडं वजन घालावं. अंगच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये आणि दोन्ही बाजू तोलून भराव्यात. अवघड टप्पा आला की पिशवी काढून आपल्या पाठीवर.

टप्प्यांचं एक मूळ गणित आहे. उभ्या कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. चढताना ते मागे सरकतं आणि मागचे दणकट पाय त्याला वर रेटतात, म्हणून कुत्रा कडाही झपाट्याने चढून जातो आणि मालक कौतुकाने फोटो काढतो. उतरताना सगळा भार खांद्यांवर आणि पुढच्या पंजांवर येतो. वर चढून गेलेला कुत्रा उतरताना कड्याच्या टोकाशी बसून कुईकुई करतो, ते यामुळे. हरिहरच्या उभ्या पायऱ्या, रतनगडाच्या शिड्या, अलंग-मदन-कुलंग या वाटा कुत्र्याच्या नाहीत. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि त्याच्या लोखंडी शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी माणसांचीच रांग असते. त्या रांगेत कुत्र्याला खांद्यावर घेऊन चढणारा स्वतःबरोबर मागच्या दहा जणांनाही धोक्यात घालतो. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट लांब आहे, पण बरीचशी सपाट आहे. अशा वाटा निवडाव्यात.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी अंगात बसणारा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस घालावा. लहानसहान टप्प्यावर त्या मुठीला धरून त्याला आधार देता येतो, गळ्याला हिसका बसत नाही. घरून निघण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: याचा पाय मोडला तर मी याला पाठीवर घेऊन खाली उतरवू शकतो का? 12 किलोचा असेल तर एकटा माणूस उतरवेल. 30 किलोचा असेल तर दोन-तीन माणसं, एक जाड चादर आणि ती चादर झोळीसारखी बांधण्याचा घरी केलेला सराव लागेल. बरोबर इतकी माणसं नसतील तर दुसरी, सोपी वाट धरावी.

आता कुसळांबद्दल. पावसाळा सरला की पठारांवरचं गवत पिवळं पडतं आणि फोटोंमध्ये फार सुंदर दिसतं. त्यातलं कुसळी गवत हे कुत्र्याचं मोठं दुखणं आहे. एक कुसळ चिमटीत धरून बघा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. बोटाने जरा ओलं केलं की ती शेपटी आपोआप फिरायला लागते. बी जमिनीत स्वतःला स्क्रूसारखं पिळून घुसवावं यासाठी निसर्गाने केलेली ही योजना. ओली जमीन आणि ओली कातडी यांतला फरक त्याला कळत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकपुडीत, काखेत ते शिरतं आणि केस मागे वळलेले असल्यामुळे फक्त पुढेच सरकतं. घरी आल्यावर चार दिवसांनी कुत्रा पंजा चाटत बसतो, बेचक्यात फोड दिसते आणि आपण समजतो काटा लागला असेल. म्हणून प्रत्येक मुक्कामाला आणि गाडीत बसण्यापूर्वी चारही पंजे उघडून, बोटं फाकवून बघायचे. कानाच्या पाळ्या उलटायच्या. डोकं एका बाजूला झुकवून सारखा झटकत असेल तर कानात कुसळ आहे असं धरून डॉक्टरकडे न्यायचं, आपण काडी घालायची नाही.

याच तपासणीत गोचिड्याही सापडतात. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची, नखाने पिळायची नाही, रॉकेल-मेणबत्तीचे प्रयोग करायचे नाहीत. गोचिडीचा ताप एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. कुत्रा खाणं सोडतो, मलूल होतो, क्वचित नाकातून रक्त येतं. तोवर आपण सहल विसरलेलो असतो. डॉक्टरांना ‘महिन्याभरात डोंगरात जाऊन आलो’ हे एक वाक्य आवर्जून सांगावं, निदान लवकर होतं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. 20 किलोच्या कुत्र्याला लिटरभर, आणि चढाच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरावं. हे पाणी आपल्या पाण्याव्यतिरिक्त. ‘वर टाकी आहेत की’ असं म्हणणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो. गडावरची खोदीव टाकी ही पिण्याची आहेत. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने कातळ फोडून ती खोदली, आणि आजही गडावर राहणारी माणसं, गुराखी, ट्रेकर त्यातलंच पाणी पितात. त्यात कुत्र्याला डुंबू देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. पाणी भांड्यात काढावं, टाक्यापासून लांब नेऊन पाजावं. डबक्यातलं साचलेलं पाणी, विशेषतः पावसाळ्यात, त्यालाही पाजू नये. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतो, त्याचा आजार कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस मिळते. ती आणि रेबीजची लस झाल्याशिवाय घराबाहेरच पडू नये, डोंगर लांबच.

खाण्याचं थोडक्यात. आपल्या खाऊच्या पिशवीतल्या मनुका आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंग गम, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, सगळं वर्ज्य. गडावरच्या पिठल्यात कांदा असतो, तोही त्याला विषारीच. भाकरी द्या, पिठलं आपण खा. औषधांच्या डब्यातल्या आपल्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, त्याला कधीही देऊ नयेत.

मुक्कामाला आलो की वेगळाच प्रश्न उभा राहतो. भंडारदरा, कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, म्हणजे ट्रेकरांची काशी, हा सगळा अकोले तालुका. याच अकोल्याच्या परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात याचा अभ्यास केला. 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या आहारात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात पहिला क्रमांक शेळीचा नव्हता, कुत्र्याचा होता. 39 टक्के! शेळ्या भरपूर असूनही 11 टक्क्यांवर होत्या. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रा अंगणात मोकळा असतो, हे त्यामागचं साधं कारण असावं.

हे आकडे वाचल्यावर तंबूच्या खुंटीला कुत्रा बांधून ‘राखण करील’ म्हणत आत झोपण्याचा अर्थ काय होतो ते ज्याचं त्याने बघावं. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात ते बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. त्यांचे कुत्रे दणकट, केसाळ, राखणीला जन्मलेले असतात. तुमचा कुत्रा तंबूच्या आत, तुमच्या पायाशी झोपायला हवा. त्यासाठी घरात, गच्चीवर आधी तंबू लावून त्याला दोन-तीन रात्री झोपवावं. नाहीतर पहिल्याच रात्री घाबरून तो जाळी फाडतो. नखं कापून न्यावीत. त्याच्या अंगाखाली त्याचीच जुनी गोधडी टाकावी, ओळखीच्या वासाने तो शांत होतो. पहाटे लघवीला बाहेर नेताना दोर हातात, बॅटरी चालू.

साप चावलाच, विशेषतः फुरसं किंवा घोणस, तर चावा बहुधा थोबाडावर किंवा पुढच्या पायावर असतो, कारण कुत्रा आधी नाक खुपसतो. दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं काही करू नये. त्याला चालवू नये, उचलून न्यावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर माणसाला जी प्रतिविषाची लस देतात तीच कुत्र्यालाही चालते. ती कुठल्या दवाखान्यात मिळेल याची चौकशी आधी करून ठेवावी लागते, आयत्या वेळी फोनला रेंज नसते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर मात्र ही लस लागू पडत नाही.

गुरांच्या बाबतीत एक नेमकी गोष्ट. पठारावर वासरू असलेली म्हैस कुत्र्याला बघून चाल करून आली तर दोर हातातून सोडून द्यायचा. एरवी दोर सोडू नये असं मी म्हणेन, पण इथे सोडायचाच. कुत्रा म्हशीपेक्षा वेगाने पळतो, तुम्ही पळत नाही, आणि कुत्रा तुमच्या पायाशी असेल तर शिंगं तुम्हाला लागतात. पायथ्याच्या गावात शिरतानाही तिथली कुत्री टोळीने अंगावर येतात. तिथे पळायचं नाही, ओरडायचं नाही, आपल्या कुत्र्याचा दोर आखूड धरायचा आणि ओट्यावर बसलेल्या कुणाला तरी हाक मारायची: ‘मामा, जरा कुत्री हाकला की!’ गावची कुत्री गावच्या माणसाचं ऐकतात.

दोराबद्दल आणखी थोडं, कारण इथे आपण सगळ्यात जास्त बेफिकीर आहोत. अमेरिकेतल्या अपालेशियन ट्रेलवर, म्हणजे जॉर्जियापासून मेनपर्यंतच्या साडेतीन हजार किलोमीटरच्या पायवाटेवर, 1990 मध्ये बिल अर्विन हा अंध गृहस्थ ओरिएंट नावाच्या आपल्या कुत्र्याबरोबर शेवटपर्यंत चालून गेला. कुत्र्यांचं एवढं कौतुक असलेल्या त्या वाटेवरही सुमारे 40 टक्के अंतरात कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा आणि ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टप्प्यात कुत्र्याला बंदीच आहे. लोक कुत्रा अलीकडच्या गावात सांभाळायला देतात आणि पलीकडे परत घेतात. आपल्याकडे पाटी दिसली नाही म्हणजे मोकळीक आहे असा समज आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पाळीव कुत्रा नेण्याआधी वनखात्याला विचारावं, आणि ‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावर मारणं तर येतंच, त्याला हाकणं आणि पाठलाग करून पळवणंही येतं. ‘आमचा फक्त गंमत म्हणून भेकरामागे धावला’ ही गंमत कायद्याला मान्य नाही.

कायद्यापेक्षा रोगाची भीती मोठी. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपरची साथ सिंहांत पसरली आणि तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत 23 सिंह मेले, आणि त्यांच्यापैकी काहींमध्ये हाच विषाणू सापडला. सह्याद्रीत कोळसुंदे आहेत, कोल्हे आहेत, बिबटे आहेत. आपल्या कुत्र्याची विष्ठा जंगलात टाकून येताना आपण काय टाकून येतो याची कल्पना यावी म्हणून हे सांगितलं. ती पिशवीत भरून खाली आणावी, किंवा वाटेपासून आणि पाण्यापासून लांब, वीतभर खड्ड्यात पुरावी.

इथवर झालं ते आपण नेलेल्या कुत्र्याबद्दल. सह्याद्रीत दुसराही कुत्रा असतो: मागे आलेला. पायथ्याच्या चहाच्या टपरीशी तो बसलेला असतो. तुम्ही पाठपिशवी उचलली की उठतो आणि न विचारता पुढे चालायला लागतो. चुकीच्या फाट्यावर वळलात तर बऱ्याचदा तो वळत नाही, मागे बघत उभा राहतो. पांडवांच्या मागे हिमालयात निघालेलाही असाच, कुणी न बोलावलेला. अलीकडचं उदाहरण हवं तर 2018 चं आहे. नेपाळमध्ये मेरा शिखराच्या वाटेवर एक भटकी कुत्री गिर्यारोहक डॉन वॉर्गोव्स्की यांच्या मोहिमेच्या मागे लागली आणि त्यांच्याबरोबर 7129 मीटर उंचीच्या बारुंत्से शिखरावर पोहोचली. गिर्यारोहकांनी तिला मेरा नाव दिलं. वर जाताना ती बर्फावरून आरामात चढली. उतरताना तिला दोराने बांधून खाली आणावं लागलं.

मेराची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. माझ्या मनात मात्र तो उतरताना लागलेला दोर राहतो. गडावरच्या कुत्र्यांना आपण बिस्किटं घालतो, ती आणखी एक डोंगर मागे येतात. राजगडाहून तोरण्याकडे निघालेल्या गटामागे एखादं कुत्रं पुरी धार चालून येतं, मग अवघड टप्पा येतो, किंवा पलीकडच्या गावची कुत्री त्याला फाडायला धावतात, आणि आपली गाडी तर उभीच असते. बिस्किटं देणाऱ्याला वाटतं आपण सोबतीची परतफेड केली. प्रत्यक्षात त्याला आपण त्याच्या हद्दीबाहेर आणून सोडलेलं असतं. तेव्हा खायला द्यायचं तर गडावर नाही, पायथ्याला द्यावं, जिथे तो राहतो तिथे. दुसऱ्या बाजूने उतरणार असाल तर निघतानाच टपरीवरच्या मावशींना सांगावं, ‘याला जरा धरून ठेवा, आम्ही परत इकडून येणार नाही.’ त्या दोन हाका मारतात आणि प्रश्न सुटतो.

आणि एक विनंती. तुमचा गट एकाच भागात वरचेवर जात असेल तर बिस्किटांच्या पुड्यांवर जे पैसे जातात त्यांतून पायथ्याच्या गावातल्या कुत्र्यांना वर्षातून एकदा रेबीजची लस टोचून घ्या. सरपंचांशी बोला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन एक सकाळ त्यासाठी काढा. कुत्री धरायला गावातली पोरं लागतील, ती हौसेने येतात.